कालपर्यंत बरोबरीने ड्युटी केली, आता त्यांचीच इन्चार्ज झालेय. कसं सांभाळायचं?

रातराणी_आयसीयू | रविवार, रात्री ११.४०

नमस्कार. बरीच वर्षं इथे फक्त वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांब होईल, सांभाळून घ्या.

पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत ११ वर्षं स्टाफ नर्स म्हणून काम केलं. १४ बेड, सगळे मिळून ३२ जण, त्यात ५ ब्रदर. आधीच्या इन्चार्ज सिस्टर रिटायर झाल्या आणि मेट्रन मॅडमनी बोलावून सांगितलं की एक तारखेपासून तू बघायचंस. मला वाटलं होतं मोठ्या सिस्टरना मिळेल (नाव लिहीत नाही, वॉर्डात सगळे त्यांना मोठ्या सिस्टरच म्हणतात). त्यांना १९ वर्षं झालीयत, मला सिरिंज पंप लावायला त्यांनी शिकवलं, पहिल्या नाईटला मी रडत होते तेव्हा चहा त्यांनी आणून दिला. पण त्यांचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि माझं मधे पोस्ट बेसिक (त्यानंतरची नर्सिंगची डिग्री) झालेलं, म्हणून कागदावर मी पुढे गेले. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. अभिनंदन पण नाही आणि राग पण नाही.

खरी गोष्ट आता सांगते. मागच्या आठवड्यात सहज चार्ट चाळत होते तर एका पेशंटची शुगर दर १५ मिनिटांनी बघितलेली दिसली, सलग २ तास, आणि ऑर्डर तर तासाला एकदाची होती. कुठेही कारण लिहिलेलं नाही. मी ११ वर्षं हेच केलंय, मला लगेच कळलं. ज्या मैत्रिणीची ती नाईट होती तिला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाली हो, इन्सुलिनचा रेट २ ऐवजी २० पडला होता, पाच मिनिटांत लक्षात आलं, पंप थांबवला, पेशंटला काही झालं नाही. डॉक्टरांना सांगितलं का? नाही. मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "आधी तुलाच पहिलं सांगितलं असतं गं. आता तू इन्चार्ज आहेस ना."

सात वर्षं आम्ही दोघींनी एकत्र नाईट ड्युट्या केल्यात. त्या दिवशी घरी येऊन जेवण गेलं नाही. पेशंट वाचला म्हणून सुटलो, पण पुढच्या वेळी काय? एका टीममधून उठून त्याच टीमचं पुढारपण ज्यांनी केलंय, मग क्षेत्र कुठलंही असो, त्यांनी सांगा की बरोबरीच्या माणसांना शिकवायचं, सुधरवायचं कसं? त्यांना काम येत नाही असं नाहीये. काही बाबतीत माझ्यापेक्षा जास्त येतं.

---

बँकवाला_काका | सोमवार, सकाळी ७.१५

ताई, अभिनंदन आधी. मी सरकारी बँकेत ३४ वर्षं काढली. आमच्याकडे प्रमोशन झालं की बदली ठरलेली, आणि लोक त्याला शिव्या देतात पण त्यामागे शहाणपण आहे. कालपर्यंत ज्याच्याबरोबर कॅन्टीनला बसत होतो त्याच्या रजेच्या अर्जावर दुसऱ्या दिवशी सही करायची वेळ येऊ नये म्हणून. तुम्हाला ती सोय मिळालेली नाही, त्यामुळे अंतर तुम्हालाच तयार करावं लागेल. डबा एकत्र खाणं बंद करा असं म्हणत नाही, पण ड्युटीवर एकेरी हाक बंद.

दुसरं, हा प्रकार गंभीर आहे. आमच्याकडे एकाने एंट्री केली की दुसऱ्याने तपासल्याशिवाय ती पुढे जात नाही, आणि तपासणाऱ्याने न बघता सही केली तर दोघांनाही मेमो. लेखी मेमो द्या. मैत्रीण आहे म्हणून सोडलंत तर उरलेले ३१ जण बघतायत.

---

कोडकरी | सोमवार, सकाळी १०.०२

काका, मेमो दिला तर पुढच्या वेळी चार्टवर त्या १५ मिनिटांच्या शुगरसुद्धा दिसणार नाहीत. मला तर त्याचीच भीती वाटते.

रातराणी, मी हिंजवडीत आहे, ४ वर्षांपूर्वी माझ्याच टीमचा लीड झालो, ९ जण, त्यातला एक कॉलेजचा रूममेट. पहिलं वर्ष मी पूर्ण वाया घालवलं. झालं असं की मला वाटायचं लीड म्हणजे सगळ्यात जास्त येणारा माणूस, त्यामुळे कोणी काही अडलं म्हणून आला की मी त्याचा कीबोर्ड स्वतःकडे ओढायचो आणि दहा मिनिटांत सोडवून द्यायचो, लोक थँक्यू म्हणायचे, मला पण बरं वाटायचं, आणि सहा महिन्यांनी बघतो तर प्रत्येक अवघड गोष्ट माझ्याकडेच यायला लागलेली, मी रात्री एकपर्यंत जागा आणि बाकीचे माझी वाट बघत बसलेले. रूममेट शेवटी म्हणाला, अरे तू आमचे हात बांधून ठेवलेस.

आता मी एकच गोष्ट करतो. कोणी आला की आधी विचारतो तू आत्तापर्यंत काय काय बघितलंस. बस. निम्म्या वेळा सांगता सांगताच त्याला सापडतं.

अजून एक, अप्रेझल. आमच्याकडे रेटिंग मीच देतो, त्यामुळे समोरचा माणूस माझ्याशी मोकळं बोलेल ही अपेक्षाच मुळात अवघड आहे. मी ते दोन वेगळे दिवस, दोन वेगळ्या जागा असं केलंय. रेटिंगचं बोलणं मीटिंग रूममध्ये, वर्षातून दोनदा, कागद समोर ठेवून. बाकीचं बोलणं चहाच्या टपरीवर, आणि तिथलं काहीही कागदावर जात नाही हे सगळ्यांना माहीत आहे. हे पाळायला दोन वर्षं गेली तेव्हा लोकांचा विश्वास बसला.

---

केंद्रातला_मास्तर | सोमवार, रात्री ९.३०

ताई, मी सातारा जिल्ह्यात केंद्रप्रमुख आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, झेडपीच्या साधारण दहा-बारा शाळांचं एक केंद्र असतं आणि त्यांच्यावर शिक्षकांमधूनच वर आलेला एक माणूस, तो मी. म्हणजे तुमच्यासारखीच गत, ज्यांच्याबरोबर डीएड केलं, ज्यांच्या लग्नात वाढायला उभा राहिलो त्यांच्या वर्गात जाऊन मागे बसायचं.

शाळेत एक शेरेबुक असतं. साहेब आला की ते पुढे येतं, साहेब त्यात शेरा लिहितो, सही करतो, जातो. मी पहिल्या वर्षी तेच केलं कारण मी तेच बघितलं होतं. मी शाळेच्या फाटकात शिरलो की वर्गात कुजबूज, फळ्यावरची तारीख बदलायची धावपळ, आणि मग माझ्यासमोर जो पाठ व्हायचा तो पोरांना आधीच पाठ असायचा. वर्षभर मी एकही खरा तास बघितला नाही.

बदल कसा झाला ते सांगतो. महिन्याची शिक्षण परिषद असते, केंद्रातले सगळे शिक्षक एका शाळेत जमतात. तिथे एरवी भाषणं होतात. मी म्हटलं यावेळी पाठ मी घेतो, पोरं याच शाळेतली, तुम्ही मागे बसा आणि लिहून काढा. तिसरीची हातच्याची वजाबाकी घेतली. आणि पाठ पार फसला हो. ५२ वजा २७ करताना अर्धी पोरं ७ मधून २ वजा करून ३५ आणत होती आणि मी चार वेगवेगळ्या पद्धतींनी तेच तेच सांगत होतो, आवाज चढत गेला, पोरं गप्प होत गेली. ४० शिक्षक बघतायत. तास संपल्यावर मी खडू ठेवला आणि म्हटलं, सांगा माझं कुठे चुकलं. कोणी बोलेना. मग एका दुर्गम वस्तीशाळेवरच्या बाई उठल्या, म्हणाल्या सर तुम्ही काड्यांचे गठ्ठे दिलेत पण गठ्ठा सोडायला पोरांना वेळच दिला नाही, तुम्हीच सोडलात. शंभर टक्के बरोबर होतं. मग दुसरा बोलला, मग तिसरा, दीड तास आम्ही फक्त त्या एका गणितावर बोललो. माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला दीड तास.

तेव्हापासून मी पहिल्या दोन भेटींत शेरेबुक मागत नाही. वर्गात जाण्याआधी शिक्षकालाच विचारतो की आज मी काय बघू? तो सांगतो, सर मागच्या बाकावरची तीन पोरं कधी बोलतच नाहीत, ती बघा. मग मी फक्त ती तीन पोरं बघतो. तास झाल्यावर मी काय बघितलं तेवढं सांगतो, चांगलं-वाईट सांगत नाही. बाकी काही माझ्या डोळ्याला खटकलं असलं तरी त्या दिवशी गिळतो. हे गिळणं सगळ्यात अवघड आहे.

---

रातराणी_आयसीयू | सोमवार, रात्री ११.५५

मास्तर, तुमचं दोनदा वाचलं. मी आत्तापर्यंत राउंडला जाते तेव्हा नकळत सगळंच बघते, ड्रेसिंगवर तारीख नाही, बेडचं डोकं वर नाही, कॅथेटर बॅग जमिनीला टेकलीय, आणि एका दमात सगळं बोलून मोकळी होते. बोलून पुढच्या बेडला. समोरची "हो सिस्टर" म्हणते. आधी ती मला नावाने हाक मारायची.

काका, मेमोबद्दल मी अजून ठरवलं नाहीये.

---

परदेशी_परिचारिका | मंगळवार, पहाटे ४.२०

अगं रातराणी, मी इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) आहे, कोल्हापूरची. नाईट ब्रेकमध्ये लिहितेय.

तुझी गोष्ट वाचून एक अभ्यास आठवला, आम्हाला इथे एका ट्रेनिंगमध्ये सांगितला होता आणि मग मी शोधून वाचला. एमी एडमंडसन म्हणून हार्वर्डच्या बाई आहेत, त्यांनी नव्वदच्या दशकात दोन हॉस्पिटलांमधली आठ युनिट्स घेतली आणि औषधांच्या चुका मोजल्या. त्यांना वाटलं होतं जिथे टीम चांगली, जिथली नर्स मॅनेजर चांगली, तिथे चुका कमी निघतील. निघालं उलटंच, चांगल्या युनिट्समध्ये चुकांचा आकडा जास्त. आधी त्या चक्रावल्या, मग खोदल्यावर कळलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथे लोक त्या बोलून दाखवत होते. जिथे इन्चार्जची भीती होती तिथे वह्या कोऱ्या. हे १९९६ मध्ये छापून आलंय. म्हणजे तुझ्या वॉर्डात आज कोणीच काही रिपोर्ट करत नसेल तर त्याचा आनंद मानू नकोस.

बँकवाले काका म्हणतात त्यात पण तथ्य आहे, पेशंटच्या जीवाशी खेळ चालणार नाही. पण आमच्याकडे "जस्ट कल्चर" म्हणतात त्यात तीन गोष्टी वेगळ्या करतात. एक साधी मानवी चूक, बोट घसरलं, शून्य जास्त पडलं. अशा माणसाला धीर द्यायचा आणि पंपात, पद्धतीत काय बदलता येईल ते बघायचं. दुसरी म्हणजे सवयीने घेतलेला शॉर्टकट, जसं हाय रिस्क औषध दुसऱ्या नर्सकडून चेक न करता लावणं कारण ती तिकडे सक्शन करत होती. तिथे बसून बोलायचं, तुला शॉर्टकट का घ्यावा लागतो हे विचारायचं. तिसरी म्हणजे धोका माहीत असून बेफिकीर वागणं. शिक्षा फक्त तिथे. तुझ्या मैत्रिणीचा रेट चुकणं पहिल्यात बसतं, कदाचित दुसऱ्यात. लपवणं हा वेगळा प्रश्न, पण ती का लपवते याचं उत्तर तिच्याएवढंच तुमच्या वॉर्डात आहे असं मला वाटतं.

त्या रात्री तिच्याकडे किती पेशंट होते?

---

रातराणी_आयसीयू | मंगळवार, दुपारी ३.१०

तीन. एक जण आजारी पडली होती. कागदावर आयसीयूला एकास एक म्हणतात, आमच्याकडे नेहमी एकीकडे दोन, त्या रात्री तिच्याकडे तीन आणि त्यातले दोन व्हेंटिलेटरवर. आणि हो, दुसऱ्या कोणी चेक केला नव्हता. कोण करणार?

हे मी तिला विचारलंच नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी ड्युटी लिस्ट काढून बघितली.

---

बँकवाला_काका | मंगळवार, संध्याकाळी ६.४५

तीन पेशंट होते हे आधी माहीत असतं तर मेमो लिहा असं मी म्हटलं नसतं. पण ताई, हे लेखी वर कळवा. मेट्रन मॅडमना, तारखेसह. मैत्रिणीचं नाव न घालता लिहिता येईल, त्या रात्री किती पेशंट, किती स्टाफ. तुमच्या माणसांसाठी वर भांडणं हा पण पुढारपणाचाच भाग आहे आणि ते लोकांना दिसतं. माझ्या पहिल्या शाखेत मी कॅशियरच्या बाजूने झोनल ऑफिसला पत्र लिहिलं होतं, तो कॅशियर पुढे माझ्याशी कधी खोटं बोलला नाही.

---

जुनी_मेट्रन | बुधवार, सकाळी ६.००

बाळ, मी मिरजेला शिकले आणि ३६ वर्षं नोकरी करून रिटायर झाले. दोनच गोष्टी सांगते.

ड्युटी लिस्ट. नर्सिंगमध्ये इन्चार्जवरचा सगळा विश्वास आणि सगळा राग त्या एका कागदात असतो. दिवाळीची नाईट कोणाला, कोणाचा रविवार ऑफ तीनदा कापला, कोणाच्या मुलाची दहावी आहे. तुझ्या मैत्रिणीला एक ऑफ जास्त गेला तर तू बाकी कितीही गोड बोललीस तरी उपयोग नाही, आणि तू मुद्दाम तिच्यावर अन्याय करून निःपक्ष दिसायचा प्रयत्न केलास तर तो पण कळतो. लिस्ट कच्ची असताना आठ दिवस भिंतीवर लाव. पेन्सिल बांधून ठेव. बदल आपापसात करू देत, तू फक्त शेवटी बघ की नवीन मुली एकट्या पडत नाहीत ना.

दुसरं तुझ्या मोठ्या सिस्टर. त्यांना मान देते, त्यांना विचारून करते, असं वरवरचं काही करू नकोस, १९ वर्षं काम केलेल्या बाईला ते लगेच समजतं. तुला खरोखर जे येत नाही आणि त्यांना येतं अशी एक गोष्ट घेऊन त्यांच्याकडे जा. आणि जाशील तेव्हा इन्चार्जच्या खोलीत बोलावू नकोस, तू त्यांच्या बेडपाशी जा.

---

मैदानकाठ | बुधवार, दुपारी १.३०

जरा अवांतर आहे पण राहवत नाही. १९७१ ला अजित वाडेकरांना भारताचं कॅप्टन केलं, तेही निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर आणि आधीचे कॅप्टन पतौडी यांना बाजूला सारून. टीममध्ये सगळे बरोबरीचे किंवा सीनियर. दिलीप सरदेसाई वयाने वाडेकरांपेक्षा मोठे, मुंबईच्या टीममध्ये बरोबर खेळलेले, आणि तेव्हा त्यांची जागा धोक्यात होती. वाडेकरांनी त्यांना वेस्ट इंडीजला घेऊन जायचा आग्रह धरला. किंग्स्टनला आपण ५ बाद ७५ होतो तिथून सरदेसाईंनी २१२ काढल्या, सीरिजमध्ये ६४२. मला यातलं आवडतं ते हे की वाडेकर स्वतः बॅट्समन, तरी त्यांनी बरोबरीच्या बॅट्समनसाठी जोर लावला. आणि पुढे १९७२-७३ ला इंग्लंड इकडे आली तेव्हा पतौडी वाडेकरांच्या हाताखाली खेळले. ज्याची कॅप्टनशिप आपल्याकडे आली तो माणूस आपल्या टीममध्ये येऊन नीट खेळू शकतो असं वातावरण ठेवणं सोपं नसणार.

---

बँकवाला_काका | बुधवार, दुपारी २.०५

आणि वाडेकर स्टेट बँकेचे, हे विसरू नका :)

---

रातराणी_आयसीयू | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०.२०

उशीर झाला, पण बरंच काही घडलंय, सविस्तर लिहिते.

जुन्या मेट्रनबाईंनी सांगितलं तसं लिस्ट कच्ची लावली. पहिल्या दिवशी कोणी पेन्सिलला हात लावला नाही, चौथ्या दिवशी एवढी खाडाखोड की वाचता येईना, पण भांडण एकच झालं आणि ते त्यांनीच मिटवलं. काकांचं ऐकून मेट्रन मॅडमना पत्र दिलं, गेल्या दोन महिन्यांत कुठल्या कुठल्या रात्री एकीकडे तीन पेशंट होते त्याच्या तारखा. अजून उत्तर नाही. पण नाईटला कोणी आजारी पडलं तर दुसऱ्या वॉर्डातून एक जण पाठवायचं असं तोंडी ठरलंय, आत्तापर्यंत दोनदा पाठवलं.

आता खरी गोष्ट. मास्तरांचा तो फसलेला पाठ माझ्या डोक्यातून जात नव्हता. माझी स्वतःची एक चूक आहे, मी ती कधी कोणाला सांगितली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी नाईटला नॉरअ‍ॅडची (बीपी टिकवून धरणारं औषध) सिरिंज संपत आली म्हणून बदलली आणि नवीन लावल्यावर थ्री-वे (नळीला असते ती छोटी तोटी) उघडायचाच राहिला. पंप चालू दिसतोय आणि औषध आत जातच नाहीये. पंपाचा अलार्म वाजायच्या आधी पेशंटचं बीपी ६० वर आलं. मला काहीच सुचेना. मोठ्या सिस्टर पलीकडच्या बेडवरून आल्या, एका नजरेत बघितलं, थ्री-वे फिरवला, बीपी वर येईपर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. आणि कोणाला सांगितलं नाही. आजतागायत नाही.

ती गोष्ट ओव्हरच्या वेळी (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्यांना देतो तेव्हा) सगळ्यांसमोर सांगायची ठरवलं, पण त्यात त्या पण आहेत, म्हणून आधी त्यांना विचारायला गेले. त्या ६ नंबरवर पेशंटचं तोंड साफ करत होत्या. मी पण ग्लोव्हज घातले, दुसऱ्या बाजूला उभी राहिले आणि विचारलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी तेव्हा तुला वाचवलं असं मला वाटलं होतं. पण त्यानंतर तोच थ्री-वे अजून दोघींकडून बंद राहिला. तुझ्या वेळी सगळ्यांना सांगितलं असतं तर त्या दोघींना माहीत असतं."

मी तिथे रडले. इन्चार्ज म्हणून रडायला नको होतं की काय मला माहीत नाही.

सोमवारी सकाळी ८ च्या ओव्हरला, नाईटच्या आणि सकाळच्या दोन्ही मुली असताना, मी ती गोष्ट सांगितली. पाच मिनिटं. शेवटी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, मी लपवलं होतं, ते चूक होतं. आणि लगेच म्हणाल्या, गुरुवारी २ वाजता दहा मिनिटं थांबा, सिरिंज कशी बदलायची ते मी दाखवते, नवी लावून चालू करायची आणि मग जुनी काढायची, हात कुठून कुठे जातो ते बघा. गुरुवारी १३ जण थांबले. ड्युटी संपलेल्या पण थांबल्या.

इन्सुलिनवाली मैत्रीण त्या सोमवारी काहीच बोलली नाही. बुधवारी रात्री १ वाजता तिचा फोन आला, म्हणाली पोटॅशियमचा रेट लावतेय, बाजूची सक्शनला गेलीय, तू फोनवर माझ्याबरोबर मोज. मी अंथरुणात बसून तिच्याबरोबर मोजलं. मग म्हटलं एमओला (ड्युटीवरच्या डॉक्टरांना) बोलावून पण बघून घे, फोनवरचं चेकिंग खरं नव्हे. तिने बोलावलं.

---

कोडकरी | त्याच रात्री, ११.३०

अंगावर काटा आला वाचून. एक विचारू? जे ऐकतच नाहीत त्यांचं काय करता? माझ्याकडे एक आहे, हुशार आहे, पण काही सुचवलं की "मला माहितीये" म्हणून विषय संपवतो.

---

रातराणी_आयसीयू | रविवार, दुपारी ४.००

आहे ना माझ्याकडे पण. एक ब्रदर, हाताने अतिशय चांगले, पण ओव्हर देताना इतका पटापट देतात की पुढचीला निम्मं कळत नाही. मी दोनदा सांगितलं, दोनदा "मला माहितीये". मग मास्तरांचं वापरलं. म्हटलं, दादा, तुमच्या ओव्हरमधलं मी काय बघू? ते म्हणाले, मी काही विसरतो का ते बघा. मी बघितलं. ते काहीच विसरत नव्हते. तसं सांगितलं, एकही गोष्ट राहिली नाही म्हणून. मग मी म्हटलं आता घेणारीला विचारूया का तिला काय आठवतंय? ती नवीन मुलगी, तिला आठपैकी चार सांगता आल्या. मी पुढे काही बोलले नाही. ते पण काही बोलले नाहीत, आणि चेहऱ्यावरून राग आल्यासारखं वाटलं मला. दुसऱ्या दिवसापासून ते ओव्हर संपल्यावर विचारतात, "सांग बरं, रात्री कशावर लक्ष ठेवशील?" हे त्यांनी स्वतः काढलं, मी नाही सांगितलं.

पण सगळ्यांशी असं जमत नाहीये. दोघी जणी अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. एकीला वाटतं मी मोठ्या सिस्टरची जागा खाल्ली. तिला मी काय सांगणार, तिचं म्हणणं अगदी खोटं पण नाही.

---

केंद्रातला_मास्तर | रविवार, रात्री ८.१५

त्या दोघींना वेळ द्या ताई. माझ्या केंद्रात एक गुरुजी साडेतीन वर्षं बोलले नाहीत. त्यांच्या शाळेत जात राहिलो, त्यांनी सांगितलेलं तेवढंच बघत राहिलो. ब्रदरचं वाचून फार बरं वाटलं.

---

परदेशी_परिचारिका | सोमवार, पहाटे ३.५०

चुका लिहायला एखादी वही ठेवली आहेस का? झालेल्याच नाही, होता होता राहिलेल्या पण. नाव न घालता. इथे आम्हाला दर तीन वर्षांनी रजिस्ट्रेशन पुढे चालू ठेवायला स्वतःच्या कामावर पाच लेखी नोंदी कराव्या लागतात, काय झालं, काय शिकले, आणि त्यावर दुसऱ्या एका नर्सशी बसून बोलावं लागतं. सुरुवातीला मला तो वैताग वाटायचा. पण बरोबरीच्या बाईसमोर बसून आपलं चुकलेलं मोठ्याने वाचणं, त्यातून जे कळतं ते लेक्चरमधून नाही कळत.

---

रातराणी_आयसीयू | दोन महिन्यांनी, बुधवार, रात्री ११.१०

ज्यांनी मेसेज करून विचारलं त्यांच्यासाठी लिहितेय.

वही ठेवली. साधी शंभर पानी, क्रॅश कार्टच्या खालच्या खणात, नाव घालायचं नाही, फक्त काय झालं, कधी, आणि त्यावेळी आपल्याकडे किती पेशंट होते. पहिले दोन आठवडे फक्त माझं आणि मोठ्या सिस्टरचं अक्षर होतं. आता २३ नोंदी आहेत. त्यातल्या ९ पहाटे ३ ते ५ मधल्या. ६ नोंदी एकाच जुन्या पंपाच्या, त्याचं दशांश चिन्हाचं बटण अडकतं, दोनदा दाबावं लागतं. म्हणजे २ ऐवजी २० कसा पडला असेल त्याचा पण अंदाज येतोय. तो पंप मी काढून बायोमेडिकलला पाठवला. ११ वर्षं मी त्याच पंपावर काम केलं, मला पण माहीत होतं बटण अडकतं, आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं, कोणी कधी लिहिलं नाही. गुरुवारची दहा मिनिटं चालू आहेत, आता दर वेळी वेगळं कोणीतरी घेतं. मागच्या गुरुवारी त्या ब्रदरनी घेतली.

आज क्वालिटीवाल्यांचा निरोप आला. मागच्या तिमाहीत तुमच्या आयसीयूत औषधांच्या चुका शून्य होत्या, या तिमाहीत २३, नवीन इन्चार्ज आल्यापासून वाढल्यात, खुलासा द्यायला या. उद्या ११ ला मीटिंग आहे.

संध्याकाळी वॉर्डात सांगितलं. सगळे गप्प झाले. मला वाटलं संपलं, आता वहीत कोणी लिहिणार नाही. जाताना मैत्रिणीने खण उघडला, वही काढली आणि उभ्या उभ्या शेवटच्या पानावर लिहिलं. मागच्या वेळची इन्सुलिनची नोंद, तारखेसह, तीन पेशंट, आणि खाली स्वतःचं नाव. मी म्हटलं नाव घालायचं नसतं. ती म्हणाली, "माझं असू दे."

परदेशी, त्या हार्वर्डच्या बाईंचा अभ्यास मला नीट दोन ओळींत मराठीत लिहून पाठवशील का, सकाळी प्रिंट काढून नेते. काका, माझ्या पत्राची प्रत पण बरोबर घेतेय, वहीतल्या १४ नोंदी पण तीन पेशंटवाल्या रात्रींच्याच आहेत. मोठ्या सिस्टरचा उद्या ऑफ आहे. मगाशी फोन केला त्यांनी, म्हणाल्या साडेदहाला खाली गेटपाशी थांब, मी येतेय.

---

परदेशी_परिचारिका | बुधवार, रात्री ११.२५

जागी आहे. दहा मिनिटांत पाठवते.